पासंग आणि तेवीस गोळ्या

रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्या घरात दोन तोंडं उघडत. एक काटेवाल्यांचं आणि दुसरं त्यांच्या कुत्र्याचं. काटेवाल्यांची बायको पावाचा मऊ गर घेई, त्याला लोणी फासे आणि पोटात एकेक गोळी दडवून बोराएवढे दोन लाडू वळी. आधी कुत्र्याची पाळी, कारण तो कटकट करत नसे. मग नवऱ्याची. "आ करा," ती दोघांनाही एकाच सुरात म्हणे, आणि दोघंही आ करत. लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने शेजारी शेजारी दोन खुणा होत. बाईंनी शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं हजेरीपट सांभाळला होता. ज्याची खूण नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा बाणा होता.

हा प्रकार सुरू झाला तो एका रुसव्यातून. आदल्या वर्षी काटेवाले जिना चढता चढता मध्येच धाप लागून बसले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदय फार पळतंय, रक्तदाबही चढलाय, रोज एक गोळी घ्यायची, आणि ती आयुष्यभर. काटेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी ती कडू लागते म्हणून तोंड वाकडं केलं. बाई त्या वेळी कुत्र्याला त्याची सांधेदुखीची गोळी लोणीपावातून भरवत होत्या. "याला जमतं, आणि तुम्हाला जमत नाही?" त्या म्हणाल्या. "मग मलाही तसंच दे की," काटेवाले फणकारले. बाईंनी तो फणकारा अक्षरशः मनावर घेतला. साठी उलटलेल्या माणसाला बायकोने कुत्र्याच्या रांगेत बसवावं, यात तक्रार करण्यासारखं बरंच होतं, पण लोणी चांगलं होतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनकाटे दुरुस्त करत. घर वर, दुकान खाली. दुकानात भिंतीला टांगलेले जुने तराजू, फळीवर ओळीने मांडलेली पितळी वजनं, आणि खिडकीशी काचेच्या पेटीतला नाजूक काटा, ज्यावर केससुद्धा तोलता येई. आसपासचे वाणी, फळवाले, बेकरीवाले आपले काटे त्यांच्याकडेच आणत. दुरुस्ती झाली की काटेवाले त्यावर तारीख घालून सहीची चिठ्ठी चिकटवत आणि गिऱ्हाइकाला दरवर्षी तेच ऐकवत: "काटा प्रामाणिकच असतो हो, पण स्प्रिंग थकते. म्हणून तपासायचा. त्यात काट्याचा अपमान नाही." गिऱ्हाईक मान डोलवून पळ काढी.

कुत्र्याचं नाव पासंग. तराजूची दोन पारडी सारखी होत नसली की हलक्या बाजूला एक छोटासा तुकडा लावतात, तो पासंग. आठ वर्षांपूर्वी हे पिल्लू पावसाळी हवेत दुकानात शिरलं आणि थेट खाली ठेवलेल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात जाऊन झोपलं. दुसऱ्या पारड्यात एक लहानसंच वजन होतं, तरी याचं पारडं जेमतेम बोटभर खाली गेलं. काटेवाले खदखदून हसले आणि नाव पडलं. आता पासंग अठरा किलो चारशे ग्रॅमचा होता. हे नक्की माहीत असायचं कारण म्हणजे काटेवाले त्याला दर रविवारी तोलत.

अशा या काटेकोर माणसाने घरात एक खोटं वजन ठेवलं होतं.

झालं होतं असं. गोळीने छाती शांत झाली खरी, पण अंगात एक जडपणा आला. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. एका दुपारी तशीच अंधारी आलेली असताना त्यांनी लोकरवाल्या बाईंचा काटा तपासला आणि चिठ्ठी चिकटवून पाठवून दिला. चार दिवसांनी त्या काटा घेऊन परत आल्या. "काटेवाले, पन्नास ग्रॅमचा गुंडा हा अठ्ठेचाळीस दाखवतोय," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती. काटेवाल्यांनी पुन्हा तोललं. दोन ग्रॅमचा फरक होता. चाळीस वर्षांत त्यांची चिठ्ठी लावलेला काटा परत आला नव्हता. त्यांनी तो मुकाट्याने नीट करून दिला, चिठ्ठी नवी लावली, आणि घरात याची ताकास तूर लागू दिली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी आ केला, लोणीपाव चघळला, गोळी जिभेखाली ठेवली आणि "दुकान बंद करून येतो" म्हणून खाली उतरले. दुसऱ्या दिवशीही तसंच. डोकं हलकं झालं, हात पूर्वीसारखा चालू लागला. गोळ्या त्यांनी रस्त्यावर भिरकावल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यांना काही टाकवत नसे, आणि आकडा माहीत नसला की झोप येत नसे. घशाच्या वड्यांची एक पत्र्याची डबी होती, तिच्यात ते रोजची एकेक गोळी ठेवत आणि डबी कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात सरकवत. खोटं बोलायचं, पण मोजून. तेवीस दिवसांत तेवीस झाल्या होत्या.

त्यांनी बायकोच्या डोळ्यांची पुरेपूर काळजी घेतली होती. पासंगच्या नाकाचा विचार मात्र त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्या तेवीसही गोळ्यांना लोण्याचा वास होता, आणि लोण्याचा वास येणारी गोळी म्हणजे खाऊ, हे त्या घरानेच पासंगला वर्षभर रोज सातच्या ठोक्याला शिकवलं होतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी पावणेअकराला काटेवाले चहासाठी वर गेले. खण किंचित उघडा राहिला होता. सव्वाअकराला ते खाली आले तेव्हा पासंग टेबलाखाली बसून डबी पुढच्या पायांत धरून चाटत होता. झाकण एका कोपऱ्यात, चुरा फरशीभर. त्याने मालकाकडे पाहून शेपूट आपटली. काम चोख केल्याचा आनंद होता त्याच्या तोंडावर.

काटेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डबी हिसकावली, पासंगचा जबडा उघडला, आत बोट घालून पाहिलं. काही नव्हतं. "काय केलंस रे हे? काय केलंस?" ते पुटपुटले, आणि आपण हे नक्की कोणाला विचारतोय, ते त्यांना कळेना. डबी त्यांनी खिशात टाकली.

तेवढ्यात बाई नवऱ्याचा चहाच्या वेळी वर विसरलेला चष्मा द्यायला खाली आल्या. फरशीवर त्यांच्या पायाशी एक अख्खी गोळी होती. ती त्यांनी उचलली आणि ओळखली. रोज हाताने लोण्यात घालणाऱ्या बाईला ती ओळखायला चष्मा लागत नव्हता.

"ही तुमची गोळी! इथे कशी?" मग त्यांची नजर पासंगकडे गेली. तो ओठ चाटत होता. "अहो, काल तुमच्या तोंडातून पडली की काय? याने खाल्ली वाटतं आणखी एखादी. पाकिटातून सांडली असेल माझ्याच हातून." आणि नवऱ्याच्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे दोघांना ऐकू यावं.

दारातून शेजारचे रंगारी डोकावले. त्यांची गाडी समोरच उभी होती, वर शिडी बांधलेली. "काय झालं वहिनी? गोळी खाल्ली? मिठाचं पाणी पाजा सरळ, भडाभडा ओकेल."

"काहीही पाजू नका," फोनमधून आवाज आला. डॉक्टरबाई दुसऱ्या कुठल्यातरी जनावराला धरून बोलत होत्या, मागे केकाटणं ऐकू येत होतं. "ते मीठच बाधतं कुत्र्यांना. घरी ओकवायचं नाही. आधी मला सांगा, गोळी कसली, किती मिलिग्रॅमची, किती खाल्ल्या आणि कधी."

बाईंनी पाठ असलेलं नाव सांगितलं, मिलिग्रॅम सांगितले. "हृदयाची आहे, यांची. एक खाल्ली असेल. फार तर दोन. अर्ध्या तासाच्या आत."

"वजन?"

"अठरा किलो चारशे ग्रॅम," काटेवाले म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं.

"वा, असं सांगणारे पहिलेच तुम्ही. हे बघा, एक गोळी असेल तर मला फारशी काळजी नाही. घरी नजर ठेवा. सुस्त झाला, लटपटला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर लगेच आणा. जास्त असत्या तर गोष्ट वेगळी. या गोळीने कुत्र्याचं हृदय मंदावत जातं, आणि दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पण एकच ना? नक्की?"

"नक्की," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे गोळ्यांची खूण असते रोजची. एकही इकडची तिकडे होत नाही."

काटेवाले टेबलाला धरून उभे होते. त्यांना वाटलं, फोन मागून घ्यावा, बाहेर ओट्यावर जावं आणि डॉक्टरबाईंच्याच कानात आकडा सांगावा. वाटलं, म्हणावं, दुकानात एक जादा पाकीट होतं. असं जादा पाकीट नव्हतं. बाईंनी कपाट उघडून एका मिनिटात सिद्ध केलं असतं. खिशातली डबी मांडीला टोचत होती. पासंग उठला, दोन पावलं त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या पायावर हनुवटी टेकून पडला. तो रोजच असा पडे. पण आज काटेवाल्यांना त्या हनुवटीचं वजन सोसेना.

"एक नाही," ते म्हणाले.

"काय?" बाई वळल्या.

"डॉक्टर, एक नाही. तेवीस होत्या." त्यांनी डबी काढून टेबलावर ठेवली. "मी घेत नव्हतो. इथे ठेवत होतो. तेवीस दिवसांच्या आहेत."

रंगारी आपल्या बुटांकडे पाहू लागले. डॉक्टरबाई मात्र थांबल्या नाहीत. "सगळ्या खाल्ल्या?"

"खाली काही पडल्यात. चुराही आहे."

"उरलेल्या गोळा करा, पाकीट घ्या आणि निघा. आत्ता. मी इंजेक्शन भरून ठेवते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं गिऱ्हाइकाने बिघडलेल्या काट्याकडे पाहावं तसं होतं. आश्चर्य होतं त्यात, राग अजून पोचायचा होता. "पाकीट आणते," एवढंच म्हणून त्या जिना चढल्या. रंगारी गाडी वळवायला धावले.

गाडी वळेपर्यंत काटेवाल्यांनी त्यांना येत होतं ते केलं. अख्ख्या गोळ्या मोजल्या: बाईंच्या हातची धरून चार. चुरा मऊ ब्रशने कागदावर लोटला आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. सुई डोलत राहिली. त्यांनी श्वास रोखला, हात मागे घेतला, सुई थांबली. मग एक अख्खी गोळी तोलली. चुरा तीन गोळ्यांचा. चार आणि तीन सात. तेवीसातून सात गेले, सोळा. सोळा गोळ्या पासंगच्या पोटात होत्या. पहिल्यांदाच आयुष्यात त्यांना वाटलं की आपलं वजन चुकावं.

गाडीत मागे रंगाच्या डब्यांमध्ये पासंगला घेऊन काटेवाले बसले. बाई पुढे बसल्या. वाटेत त्या एकदाच बोलल्या, तेही मागे न वळता: "त्याच्या हिरड्या बघत राहा."

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात रांग होती, पण यांच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. पासंगला मोठ्या सपाट काट्यावर उभं केलं तेव्हा काटेवाले सवयीने खाली वाकून काट्याचे पाय समतल आहेत का ते पाहू लागले. "उठा," बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. आकडा आला: अठरा चारशे.

"किती म्हणालात?" डॉक्टरबाईंनी इंजेक्शन टोचताना विचारलं.

"सोळा."

"अंदाजे?"

"तोलून."

डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं. दहा मिनिटांत पासंगने ट्रेमध्ये सगळं बाहेर काढलं. बिचाऱ्याला काय होतंय ते कळत नव्हतं. प्रत्येक उमाशाआधी तो बाईंकडे पाही, घरात काही सांडलं की पाहायचा तसा, अपराध्यासारखा. बाईंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं. काटेवाल्यांनी शर्टाच्या खिशातला कामाचा बारीक चिमटा काढला आणि डॉक्टरबाईंनी हो-नाही म्हणण्याआधी ट्रेतल्या गोळ्या वेगळ्या करायला बसले. नऊ निघाल्या. काही अख्ख्या, काही अर्ध्या विरघळलेल्या, पण नऊ.

"म्हणजे सात आत आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सात पुष्कळ झाल्या, पण सोळाच्या मानाने सात. आता कोळशाची भुकटी पाजते, ती उरलेलं शोषून घेईल. सलाईन लावते. उद्यापर्यंत इथे राहील." त्यांनी पासंगच्या छातीवर नळी टेकवली आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. "ठोके उतरायला लागलेत. आज दिवसभर उतरतील. पण आपल्याला माहीत आहे का उतरतायत ते, म्हणून तयारी आहे." मग स्टूल ओढून बसल्या. "एक सांगते, रागावू नका. एकच गोळी म्हणून तुम्ही घरी थांबला असतात ना, तर हा दुपारी जेवून झोपला, असंच तुम्हाला वाटलं असतं."

बाहेरच्या बाकावर नवरा-बायको बसले. मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. समोर एक मुलगी मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. मग बाईंनीच तोंड उघडलं.

"मला वाटायचं, गोळी लागू पडली. परवाच मी फोनवर ताईला सांगितलं, आता यांचं डोकं छान चालतं, चिडचिड नाही, पूर्वीसारखे झालेत." त्या आपल्या हातातल्या पाकिटाकडे पाहत होत्या. "मी रोज आ करा म्हणत होते आणि तुम्ही रोज आ करत होतात. इतकं सोपं होतं मला फसवणं."

"तुला फसवायचं नव्हतं मला."

"मग कोणाला? कुत्र्याला?"

काटेवाल्यांनी तेव्हा लोकरवाल्या बाईंची गोष्ट सांगितली. अठ्ठेचाळीस ग्रॅमचा गुंडा, अंधारी, नवी चिठ्ठी, सगळं. "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं गं. मला वाटलं, हे सांगितलं की तू म्हणशील, दुकान बंद करा."

"कदाचित म्हटलंही असतं," बाई म्हणाल्या. "मग आपण भांडलो असतो. भांडण परवडलं असतं मला."

पासंगला तिथेच ठेवून ते चार वाजता घरी आले, वाटेत आपल्या डॉक्टरांकडे थांबून. डॉक्टरांनी काटेवाल्यांची चांगलीच हजेरी घेतली. अशी गोळी मनाने एकदम सोडणं म्हणजे हृदयाशी खेळ, नशीब बलवत्तर म्हणून इथे चालत आलात, असं म्हणाले. मग विचारलं, "चक्कर येते हे सांगायला काय झालं होतं? कमी ताकदीची गोळी आहे की. दोन दिवसांनी पुन्हा तपासू." चिठ्ठी लिहायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या दोन मिनिटांसाठी काटेवाल्यांनी तेवीस दिवस घालवले होते.

घरी आल्यावर बाईंनी पदर खोचावा तशा निश्चयाने खोडरबर शोधलं. कॅलेंडर भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं. "कुठल्या तारखेपासून?" त्यांनी विचारलं. काटेवाल्यांनी तारीख सांगितली. बाईंनी त्या तारखेपासून एकेक खूण खोडायला घेतली. फक्त नवऱ्याची. शेजारची पासंगची खूण पुसू नये म्हणून त्या करंगळी आड धरत होत्या. महिना बदलला तिथे पान उलटलं. तेवीस खुणा खोडायला फार वेळ लागत नाही, पण काटेवाल्यांना तिथून हलता येईना. बायको ओरडली असती, तिने ताट आपटलं असतं, तर त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. हा खोडरबराचा खसखस आवाज थेट त्यांच्या काळजाला घरं पाडत होता. शेवटी बाईंनी कागदावरचा भुगा फुंकरीने उडवला आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. लाल पेन्सिलीचा रंग कागदाला धरून बसतो, त्यामुळे कितीही घासलं तरी जागा गुलाबीच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. ठोके ब्याण्णव, रात्री उशिरा चढायला लागले, आता उभा राहून शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजरावर भुंकतोय, घेऊन जा. रंगाऱ्यांनी आपण होऊन गाडी काढली. "तुमचा कुत्रा आमच्यापेक्षा दमदार निघाला," ते काटेवाल्यांना म्हणाले, आणि मिठाच्या पाण्याचा विषय कोणी काढला नाही.

पासंग घरी आला, पाणी प्यायला, आपल्या जागी झोपला. सगळं पूर्ववत झालं असं वाटलं, ते संध्याकाळी सात वाजेपर्यंत. बाईंनी त्याच्यासाठी लोणीपावाचा लाडू केला, सांधेदुखीची गोळी आत घातली आणि म्हटलं, "आ करा." पासंगने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा पुढे केला, तो उठून टेबलाखाली गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. लोण्याचा वास आला की त्याला दवाखान्यातली ओकारी आठवत असावी, तो ओठ घट्ट मिटे. जिना चढताना तो मागच्या पायाने लंगडायला लागला होता.

"माझ्या हातचं खात नाही आता," बाई म्हणाल्या. आवाज साधाच होता, पण त्या रात्री जेवल्या नाहीत नीट.

नवऱ्यासाठी मात्र त्यांनी लाडू वळणं त्या दिवसापासून सोडूनच दिलं होतं. गोळीचं पाकीट त्यांच्या ताटाशेजारी ठेवत आणि आपण दुसरीकडे बघत. काटेवाले गोळी घेत, पाण्याबरोबर, कडू घोटासकट. मग बाई कॅलेंडरवर पासंगच्या जागी शून्य मांडत आणि नवऱ्याची जागा तशीच कोरी सोडत. शून्यसुद्धा नाही. गैरहजर मुलाची निदान नोंद होते, काटेवाल्यांचं नावच पटावरून गेलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. सात वाजले. पासंग टेबलाखाली, लाडू बाईंच्या हातात. काटेवाल्यांनी पाकिटातली गोळी काढली, पाणी न घेताच गिळली, कडवटपणाने डोळे मिचकावले आणि बायकोसमोर जाऊन आ केला. जीभ वर उचलली. डावीकडे, उजवीकडे. "बघ," ते कसंबसं म्हणाले. "तपास मला. मी लोकांना सांगतो, तपासण्यात अपमान नसतो. मलाच कळलं नव्हतं ते."

बाईंनी मान वळवली. "मला नका दाखवू. त्याला दाखवा. जीव त्याचा जाणार होता."

काटेवाले गुडघे टेकून खाली बसले. अंधारी आली नाही. टेबलाखाली वाकून त्यांनी पासंगसमोर आ केला. साठी उलटलेला माणूस कुत्र्यापुढे जीभ वर करून बसलाय, हे दृश्य पाहून रंगारी चार दिवस हसत राहिले असते, पण बाई हसल्या नाहीत. पासंग आधी मागे सरला. मग नाक पुढे आलं. त्याने हनुवटी हुंगली, ओठ हुंगले, मग थेट तोंडात नाक घालून जिभेखाली हुंगलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने, गिऱ्हाइकासमोर काटा तपासावा तशा सावकाश गांभीर्याने. काटेवाले हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते नाकाच्या गुदगुल्यांचं असेल असं म्हणायला जागा होती. पासंगने शेवटी त्यांच्या गालावरून एकदा जीभ फिरवली आणि टेबलाखालून बाहेर आला.

बाईंनी लाडू पुढे केला. "आ कर रे बाबा," त्या म्हणाल्या. पासंगने काटेवाल्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि आ केला.

बाई कॅलेंडरपाशी गेल्या. त्यांनी पासंगची लाल खूण केली, ठसठशीत. मग पेन्सिल हातात तशीच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत दुसरी खूण केली. ती जरा फिकट होती, खोडायची वेळ आली तर खोडता येईल इतपत. काटेवाल्यांची त्याला काहीच हरकत नव्हती.